शेवटचा खांब मागे पडल्यावर

मंगळवार, ३ नोव्हेंबर

आज सकाळी सव्वाआठ वाजता आमची फेरीबोट विमानतळावर उभी होती. हे मी म्हणत नाही, पडदा म्हणत होता. सुकाणूसमोरच्या पडद्यावर आमचा निळा बाण चक्क धावपट्टीच्या मधोमध, आणि वेग शून्य. बाहेर बघितलं तर नेहमीचंच करडं पाणी, आणि पुढच्या डेकवर डुलकी दोराच्या वेटोळ्यावर बसून पेंगत होता. डुलकी हा आमचा खलाशी. पन्नाशीचा आहे, वीस वर्षं बोटीवर आहे, त्यातली निम्मी झोपेत गेली असतील. पण दोर टाकायला कधी चुकला नाही.

मी नळीतून खाली इंजिनखोलीत ओरडले, "अहो, आपण विमानतळावर पोचलो!"

खालून उत्तर आलं, "मग माझ्या खिडकीत पाणी कसं दिसतंय?"

हे म्हणजे माझे यजमान. बोटीचं इंजिन ह्यांचं, सुकाणू माझं. लोकांना अजून त्याचं हसू येतं. येऊ दे. तीस वर्षं हसतायत आणि तीस वर्षं माझ्याच बोटीतून जातायत.

कारण पेपरात आलंय. दोन देश सोडून पलीकडे युद्ध चाललंय. तिथे दोघेही एकमेकांची ड्रोनं भरकटावीत म्हणून उपग्रहाच्या नावाने खोटे आकडे हवेत सोडतात. ते आकडे काही सरहद्द बघून थांबत नाहीत. इथवर येतात आणि आमच्या बोटीला धावपट्टीवर नेऊन ठेवतात. ज्यांचं युद्ध आहे त्यांना आमचं बेट नकाशात बोट ठेवून दाखवता यायचं नाही, पण त्रास आमच्या दारात.

हवा स्वच्छ होती म्हणून निभावलं. बेटापासून शहराच्या धक्क्यापर्यंत चाळीस मिनिटं. मधे पाण्याखाली वाळूचे दोन लांबलचक पट्टे आहेत, त्यांच्यामधल्या अरुंद वाटेने जावं लागतं. पूर्वी त्या वाटेवर सात बोये होते, लाल आणि हिरवे. तीन वर्षांपूर्वी कोणा हुशार माणसाला वाटलं, खरे बोये तरंगत ठेवून दरसाल रंगवत कशाला बसायचं? पडद्यावरच दाखवू. खरे काढून नेले. आता पडदाच खोटं बोलायला लागल्यावर बोये कुठे आहेत ते त्या हुशार माणसाला विचारावं.

आज मंगळवार, म्हणजे वन्सं बोटीवर. माझी थोरली नणंद. वय चौसष्ट, लग्न केलं नाही, पस्तीस वर्षं धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत बसली. दीड वर्षापासून मूत्रपिंडं काम करत नाहीत. मंगळवार, गुरुवार, शनिवार शहरातल्या इस्पितळात यंत्रावर चार तास रक्त शुद्ध करून घ्यायचं. आम्ही एकाच घरात राहतो. बोलणं कामापुरतं. त्यांच्याकडून "वहिनी, मीठ जास्त झालंय," आणि माझ्याकडून "बरं."

बुधवार, ४ नोव्हेंबर

ह्यांच्या फोनमधलं घड्याळ आपसूक दोन तास पुढे गेलं. हे पहाटे उठून दाढी करून बसले. मी उठले तर म्हणतात, "आज सूर्य उशीर का करतोय?" दिवसभर हसू येत होतं.

वन्संच्या मनगटावरचं चावीचं घड्याळ तेवढं बरोबर होतं. त्यांनी काही न बोलता ते ह्यांच्यासमोर धरलं. टोमणा मारायला तोंड लागतंच असं नाही.

शनिवार, ७ नोव्हेंबर

काल धुक्यात एक मोठं मालवाहू जहाज वाळूत रुतलं. पडदा बघत बघत सरळ पट्ट्यावर चढलं. माणसं सुखरूप आहेत, जहाज मात्र कलून बसलंय.

दुपारी बंदर अधिकारी धक्क्यावर नोटीस चिकटवून गेला. बत्तीस वर्षांचा मुलगा, चष्मा, काखेत कायम ते जाड पुस्तक. आम्ही त्याला नियमावली म्हणतो. नोटीस अशी: धुकं असेल आणि उपग्रहाचं स्थान खात्रीचं नसेल तर फेरी बंद.

मी म्हटलं, "आणि माझे पेशंट?"

बोटीवर तीन जण आहेत यंत्रावर जाणारे. वन्सं, निवृत्त हेडमास्तर आणि कोपऱ्यावरची शिंपीण.

"हेलिकॉप्टर मागवता येईल," तो म्हणाला.

"हेलिकॉप्टरला रस्ता कोण दाखवतं?"

हेलिकॉप्टरलाही तेच खोटे आकडे दिसतात.

"रडार आहे ना तुमच्याकडे?" असं पुन्हा त्यानेच विचारलं. आहे. रडारवर पाण्यावरचं दिसतं, पाण्याखालची वाळू दिसत नाही. आणि खोली मोजायचं यंत्र वाळू आल्यावरच सांगतं की वाळू आली. मी हे जरा मोठ्याने सांगितलं असावं. डुलकी जागा झाला.

मंगळवार, १० नोव्हेंबर

धुकं. हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. फेरी बंद.

वन्सं साडेसातलाच तयार होऊन धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसल्या. औषधांची कापडी पिशवी मांडीवर. मी दोनदा सांगून आले, आज बोट नाही, घरी चला. दोन्ही वेळा म्हणाल्या, "माझा वार आहे." एक वाजता धुकं तसंच होतं, मग स्वतःच उठल्या. हेडमास्तर आणि शिंपीण केव्हाच घरी गेले होते.

घरी मी म्हटलं, युद्ध संपेपर्यंत शहरात इस्पितळाजवळ खोली घेऊन राहा, मी बघते. म्हणाल्या, "युद्ध कधी संपणार ते विचारून सांगा. तेवढ्याच कपड्यांची बॅग भरते."

राग आला, पण खोटं कशाला लिहू, मनात हसलेसुद्धा.

बुधवार, ११ नोव्हेंबर

वन्संचे पाय सुजलेत. चपलेचा पट्टा बसत नाही. आडवं झालं की दम लागतो म्हणून खुर्चीतच झोपल्या. दिवसाला मोजून चार पेले पाणी, आज तीनच घेतले. इस्पितळात फोन लावला. डॉक्टरीण म्हणाली, एक वार चुकला तर ओढून नेता येतं. लागोपाठ दोन-तीन चुकले तर पाणी छातीत चढेल, हृदय थांबेल. अगदी साध्या आवाजात सांगितलं. हवामानवाले सांगतायत उद्याही धुकं.

मग मला वही आठवली.

सासरे बोट चालवायचे तेव्हा ना पडदा होता ना रडार. धुक्यात ते होकायंत्र आणि घड्याळावर जायचे. अमुक दिशेला तोंड, इतकी मिनिटं, मग इतकं वळ. सगळं एका वहीत लिहिलेलं होतं. माझ्या शिकाऊपणाच्या दिवसांत मी सुकाणू धरायची, बाबा शेजारी उभे राहून "वळव" म्हणायचे आणि मी वळवायची. वन्सं तेव्हा धुकं असलं की तिकीट खिडकी बंद करून येत आणि कोपऱ्यात स्टुलावर बसत. सारखं घड्याळ बघणं, मधेच बाबांच्या कोपराला हात लावणं. मला वाटायचं, हिला घरी जायची घाई. बोट लागायची म्हणे त्यांना. म्हणूनच बाबांनी लेकीला सोडून मला, सुनेला, परवान्याच्या परीक्षेला पाठवलं. तेव्हापासून वन्संचं माझ्याशी हे असं मीठ-मीठ चाललंय. बाबा वारल्यावर वही कुठे गेली कोणी सांगेना. मी समजून होते ती कोणाकडे आहे आणि का दडवली आहे.

आज सरळ विचारलं, "वन्सं, वही द्या."

त्या खुर्चीतून उठल्या. मग कपाटातल्या साड्यांखालून काढून दिली. "एकोणीस वर्षांत आज विचारलंत," एवढंच म्हणाल्या.

काय सुरेख अक्षर आहे बाबांचं! मुखपृष्ठावर त्यांचं नाव, आत भरतीचा रकाना वेगळा, ओहोटीचा वेगळा, वाऱ्यासाठी शेरे. पाचाच्या आकड्याला खाली गळासारखा बाक. वन्संच्या औषधांच्या डब्यांवर अगदी तसाच पाच असतो. बापाचं अक्षर लेकीत उतरतं ते असं. आणि गंमत म्हणजे इतकं सुंदर लिहिणारा माणूस, पण मी त्यांना कधी पेपर वाचताना पाहिलं नाही. आलेलं पत्रसुद्धा वन्संकडून वाचून घ्यायचे. चष्मा कुठेतरी राहिलेला असायचा, कायमचा.

ह्यांना विचारलं, जुन्या बोटीचा वेग आपल्याला धरता येईल का? म्हणाले, नवी बोट आली तेव्हाच वन्संनी त्यांच्याकडून मोजून घेतलं होतं. इंजिनखोलीच्या भिंतीवर खडूने आकडा आहे. वन्संना काय करायचं होतं त्याच्याशी, देव जाणे.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

बोट घेऊन गेले.

जे झालं ते सरळ लिहिते. सकाळी दाट धुकं. नोटीस खांबावर होती, मी ती वाचली आणि बोटीवर चढले. इतर प्रवाशांना घेतलं नाही, फक्त तिघं पेशंट. हेडमास्तरांना आणि शिंपिणीला स्वच्छ सांगितलं की परवानगी नाही, पडदा खोटा आहे आणि मी वहीवर चालले आहे. हेडमास्तर म्हणाले, "घरी बसलो तर काय होईल ते डॉक्टरांनी सांगितलंय. तुमच्याबरोबर काय होईल ते अजून कोणी सांगितलेलं नाही. चला." बोटीच्या नोंदवहीत मी नेहमीसारखं लिहिलं: सुटलो ७.५०, धुकं, स्थान अविश्वसनीय. लपवायचं काय त्यात?

डुलकीने दोर सोडला, मी घड्याळ लावलं. तेवढ्यात काचेवर टकटक. वन्सं. आत यायचं होतं त्यांना. मी हाताने खूण केली, खाली जाऊन बसा. त्या वेळी मला कोणी कोपऱ्यात नको होतं.

वहीतली पहिली ओळ, वेळ शून्य, तोंड दीडशे अंश. दुसरी, सहा मिनिटं चाळीस, डावीकडे वीस. बरोब्बर सहा चाळीसला वळवलं. दोन मिनिटांनी खालून आवाज आला. कढई घासल्यासारखा. मग धक्का बसून बोट थांबली. पट्ट्यावर.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तीस वर्षांत बोटीला ओरखडा नाही, आणि आज तीन आजारी माणसं घेऊन वाळूत. बाबांच्या वहीवरचा विश्वास उडाला, मग स्वतःवरचा.

वन्सं कठडा धरून धरून वर आल्या. त्या सुजलेल्या पायांनी. विचारलं नाही, आत येऊन लाइफ जॅकेटच्या पेटीवर बसल्या.

"वहिनी, घड्याळ कधी लावलंत?"

"दोर सुटल्यावर. नोंदवहीत तीच वेळ लिहितो ना आपण?"

"नोंदवहीत लिहितो. वहीत नाही." दम लागत होता, थांबून थांबून बोलत होत्या. "दोर सुटल्यावर बोट कशीबशी सरकते. कधी वारा लोटतो, कधी गर्दीने जड असते. तिचा वेग धक्क्याचा शेवटचा खांब मागे पडल्यावर धरायचा. शून्य तिथे. आज खांबाला एक मिनिट दहा सेकंद लागले. तेवढं लवकर वळलात तुम्ही."

"वहीत कुठे आहे हे?"

"नाही लिहिलेलं. कोणी विचारलंच नाही."

भरती चढत होती. बारा मिनिटांत बोट हलली. वन्सं म्हणाल्या, वळल्यापासून वाळू लागेपर्यंत दोन मिनिटं पाच सेकंद गेलात, तेवढंच सरळ मागे घ्या, मग दीडशेवर एक दहा, मग वळा. मी म्हटलं, हे तुम्ही कधी मोजलंत? त्यांनी मनगट दाखवलं. तशीच गेले. प्रत्येक वळणाला त्या "आत्ता" म्हणायच्या आणि मी वळवायची. वहीच्या हिशेबाने पस्तिसाव्या मिनिटाला शहराच्या धक्क्याचा भोंगा उजवीकडून ऐकू आला, जिथून यायला हवा तिथूनच.

तिघांचं यंत्र झालं. परत येताना धुकं विरळ होतं.

वन्संना सगळं तोंडपाठ आहे. बाबांच्या शेजारी बसून बसून पाठ झालं असणार, पोपटासारखं. पण पाठ आहे हे खरं.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

नियमावलीने बोलावलं. माझा परवाना टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. मंगळवारी सकाळी नऊला सुनावणी. तोवर शहरातून बदली कप्तान येईल, तोही फक्त हवा स्वच्छ असेल तर.

"तुम्ही नोंदवहीत स्वतःच लिहिलंय, स्थान अविश्वसनीय," तो म्हणाला. जणू मी चूक केली होती ती लिहिण्याची.

"मग काय लिहू? विमानतळावरून सुटलो?"

तो हसला नाही, पण पुस्तक उघडलं. मनाने वाईट नाही तो. कलम वाचून दाखवलं: उपग्रहाशिवाय फेरी नेता येते, जर लेखी पर्यायी मार्ग असेल, आणि ज्याने तो स्वतः आखला त्याने अधिकाऱ्यासमोर तपासणी देऊन त्यावर सही केली असेल.

मी वही टेबलावर आपटली. "हा घ्या लेखी मार्ग!"

त्याने मुखपृष्ठ वाचलं. "हे कोण?"

"माझे सासरे."

"त्यांना मंगळवारी आणा."

"एकोणीस वर्षं झाली त्यांना जाऊन."

त्याने चष्मा काढून पुसला. "मग मी काय करू, तुम्हीच सांगा."

मी वही त्याच्याकडेच ठेवली. बाहेर येऊन धक्क्याच्या शेवटच्या खांबाला एक लाथ मारली. पाय दुखतोय.

सोमवार, १६ नोव्हेंबर

शनिवारी ऊन होतं, बदली कप्तानाने तिघांना नेऊन आणलं. पण हवामानवाले सांगतायत, उद्यापासून रविवारपर्यंत धुकंच धुकं. म्हणजे मंगळवार, गुरुवार, शनिवार. तीन वार. डॉक्टरीण काय म्हणाली ते मी विसरलेले नाही.

मी घरात सांगून टाकलं. परवाना गेला तरी उद्या बोट काढणार. तुरुंगात टाका म्हणावं, तिथे मीठ बेताचं असेल. हे म्हणाले, "इंजिन मी चालू करीन तेव्हा ना." मग थोड्या वेळाने, "करीन."

पण मनाला विचारलं तर भीती वाटते. वाळूचा तो आवाज अजून कानात आहे. शिवाय हेडमास्तर आणि शिंपिणीच्या घरच्यांनाही विचारायला हवं.

वन्सं सगळं ऐकत खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "कशाला चोरून? उद्या मीपण येते ऑफिसात."

"तुम्ही येऊन काय होणार?"

"बसायला खुर्ची आहे ना तिथे?"

मंगळवार, १७ नोव्हेंबर

आज बरंच लिहायचंय, अक्षराला हसू नये.

नऊ वाजता बंदर ऑफिस. खिडकीबाहेर सगळं पांढरं. रविवारपासून बदली कप्तान आला नाही, म्हणून शहरात राहणारा नियमावलीही बेटावरच अडकलाय, त्याच शर्टात तिसरा दिवस. एका बाजूला त्याचा कारकून टंकलेखन करत, दुसऱ्या बाजूला मी, हे आणि वन्सं. यंत्राची वेळ अकराची, इस्पितळ बारापर्यंत थांबायला तयार होतं.

त्याने पुन्हा कलम वाचलं. पुन्हा म्हणाला की मार्ग चांगला दिसतोय, मी रात्रभर नकाशाशी ताडून बघितला, पण आखणारा हयात नाही, माझे हात बांधलेले आहेत. मी तोंड उघडणार होते, बरंच काही तयार करून नेलं होतं. त्याआधीच वन्सं म्हणाल्या,

"पेन द्या."

"कशाला?" तो म्हणाला.

"सही करायला. तो मार्ग मी आखलाय."

तो गोंधळला. "पण वहीवर तर वडिलांचं नाव आहे."

"तेसुद्धा मीच लिहिलंय. त्यांना लिहिता येत नव्हतं."

खोलीत कारकुनाचं यंत्र थांबलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली बघत होते. म्हणजे ह्यांना माहीत होतं! बाबांना अक्षर ओळखीचं नव्हतं, आकडासुद्धा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून. त्या काळी परवाना नुसत्या अनुभवावर मिळायचा, अंगठा लावून. बाबांना पाणी कळायचं, वारा कळायचा, पण घड्याळ कळत नव्हतं. अकराव्या वर्षापासून लेक शेजारी बसून मिनिटं मोजायची, घरी येऊन लिहायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून दुरुस्त करायची. वळायची वेळ झाली की त्यांच्या कोपराला हात लावायची. मग बाबा म्हणायचे, "वळव."

नियमावलीने वही मिटून स्वतःकडे ओढली. तपासणी घ्यायची म्हणजे घ्यायची, सोडतोय थोडाच. वन्संनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. शून्य शेवटच्या खांबाला. दीडशे. सहा चाळीस, डावीकडे वीस. सगळी नऊ वळणं. तो मधेच म्हणाला, "आज साडेदहाला सुटलात तर?" त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "भरती नुकती लागलेली असेल. चौथ्या वळणाला पंधरा सेकंद कमी, सातव्याला दहा. वारा पडलाय, बाकी तेच." त्याने कागद पुढे केला, पाच लिहून दाखवा म्हणाला. गळासारखा बाक. मी बुधवारी काय लिहून ठेवलंय, 'बापाचं अक्षर लेकीत उतरतं.' वाचून स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कारकुनाने विचारलं, "आखणाऱ्याचा हुद्दा काय लिहू?"

आता वन्सं पहिल्यांदा अडखळल्या. मी म्हटलं, "लिहा, मार्गदर्शक." काहीतरी भारदस्त हवं म्हणून.

"नको," वन्सं म्हणाल्या. "तिकीट खिडकी, निवृत्त. असंच लिहा. वाचू दे वरच्यांना."

त्यांनी सही केली. नियमावलीने खणाचं कुलूप उघडून माझा परवाना दिला, आणि सहीखाली एक ओळ स्वतःच्या हाताने घातली: धुक्यात मार्ग आखणारी व्यक्ती घड्याळासह सुकाणूपाशी हजर असल्याशिवाय बोट सुटणार नाही. मग हळूच विचारलं, "मलाही नेता का? शर्ट संपलेत."

साडेदहाला सुटलो. वन्सं पेटीवर, घड्याळ तळहातावर. खांब मागे पडला तेव्हा माझ्या कोपराला हात लागला. तीस वर्षांपूर्वी तो बाबांच्या कोपराला लागायचा, आणि मी त्याला घरी जायची घाई समजायची.

तिसऱ्या वळणानंतर विचारलंच. "परीक्षेला तुम्ही का नाही गेलात?"

"बाबांनी पाठवलं नाही."

"बोट लागायची ना?"

"मला?" त्या हसल्या, मग दम लागला म्हणून थांबल्या. "परीक्षेसाठी आठ महिने शहरात राहायचं. मी गेले असते तर बाबांना मिनिटं कोणी सांगितली असती? बोट बंद पडली असती त्यांची. मग तुम्ही आलात. हुशार होतात, हात स्थिर होता. त्यांनी तुम्हाला पाठवलं. आत्ता."

मी वळवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण धुक्यात तसंही काय दिसत होतं?

बाबांचा मला फार राग आला. अजून आहे. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही म्हणून इथे लिहून ठेवते: बाबा, हे तुम्ही चुकलात. आणि मीही. मी इतकी वर्षं स्वतःला तुमची शिष्या म्हणवत फिरले. मी तुमची नाही, वन्संची शिष्या आहे, आणि त्यांच्याशी एक शब्द धड बोलले नाही.

अकरा दहाला पोचलो. यंत्र झालं. तिघंही बरे आहेत. नियमावलीने शर्ट आणले.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

धुकं. आज तेवीस प्रवासी. कळलंय लोकांना.

वन्संनी मला कोरी वही आणून दिली. म्हणाल्या, "मी सांगते, तुम्ही लिहा. खांबाचं पहिल्या ओळीत घाला या वेळी. मी असेन, नसेन."

"असाल," मी म्हटलं. "तुम्ही नसलात तर बोट सुटत नाही. नियमच आहे, सहीशिक्क्याचा."

"तुम्हाला नियमांची एवढी चाड कधीपासून?"

"मंगळवारपासून."

पेपरात आहे की पलीकडे युद्ध आणखी पेटलंय, वर्षभर तरी थांबायचं नाही. सुकाणूसमोर पडदा चालूच होता. निळा बाण पुन्हा त्याच धावपट्टीवर, आमची वाट बघत. डुलकीने दोर सोडला. नोंदवहीत सुटण्याची वेळ लिहायला मी पेन उचललं, आणि थांबले. डाव्या हाताला धक्क्याचे खांब एकेक करून धुक्यात जात होते.

वन्संनी पडद्याकडे एकदा बघितलं, औषधांची पिशवी उचलली आणि त्याच्या कोपऱ्याला अडकवली. सगळा पडदा झाकला गेला.

"आत्ता," त्या म्हणाल्या, आणि मी वेळ लिहिली.